लोकरीत उगवणारी कातर

हैदराबाद
८ नोव्हेंबर १९९७

ती. आबाजीमामांस,
रोहिणीचा साष्टांग नमस्कार.

काल वसतिगृहावर सुखरूप पोहोचले. सारजामामीने बांधून दिलेले शेंगदाण्याचे लाडू मैत्रिणींनी बॅग रिकामी करायच्या आतच संपवले.

भाऊबिजेला आई आणि मी तुमच्या वस्तीवर जेमतेम दुपारभर होतो. आई तुम्हाला ओवाळत होती आणि माझं लक्ष हौदाशेजारच्या मक्याकडे होतं. हिरव्या पानावर देठापासून टोकापर्यंत पांढरे पट्टे. आईला वाटलं, मी बावचळले.

मी इथे काय शिकते असं कुणी विचारलं की आई माळेगावात सांगते, "पोरगी पानांची डॉक्टर होतीया." ते फारसं चूक नाही. हिरव्या पानात एक जनुक आहे, त्याचं काम मला तपासायचं आहे. त्यासाठी ज्यांचा हिरवेपणा मुळातच गेला आहे अशी पांढरी रोपं लागतात. परदेशातून बी मागवायचं तर परवानगीतच वर्ष जातं. आमचे सर म्हणाले, पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोपं मिळाली तर ठीक, नाहीतर विषय बदल. या विषयावर माझी दोन वर्षं गेली आहेत, मामा. तुमच्या पट्टेरी मक्याचं बी मला मिळेल का?

मामीला नमस्कार.
तुमची
रोहिणी


॥ श्री बिरोबा ॥

लोणी देवकर, ता. इंदापूर
१७ नोव्हेंबर १९९७

चि. रोहिणीस आबाजीमामाचे आशीर्वाद.

पत्र पोचले. बी मिळेल का, असं विचारतेस? मिळेल म्हणजे काय, मिळालंच म्हणून समज.

त्या मक्याची हकीकत अशी. चार वर्षांपूर्वी माझ्या वावरात असं एकच ताट निघालं. आमचा शेजारी गेणू बांधावरून ओरडला, "आबाजी, रोग पडलाय, उपटून टाक, न्हायतर आमच्याकडं यील." मी म्हटलं, रोग असता तर शेजारच्या ताटालाही लागला असता. मी ते ठेवलं, त्याचं बी धरलं, आणि दर वर्षी हौदाशेजारी टोकत आलो. त्यात काही हिरवी निघतात, काही पट्टेरी, आणि काही अगदी कागदासारखी पांढरी. पांढरी जगत नाहीत. दिसली की मी उपटून टाकतो.

जे बी शिल्लक होतं ते याच आठवड्यात टोकलं. शिळं बी बाहेर पाठवणं माझ्या रीतीत बसत नाही. शिवाय आजवर मी सगळी कणसं एकत्रच मळत आलो. तुझ्यासाठी या वेळी नीट जोडी जुळवून, पिशव्या बांधून, निवडक बी तयार करीन. मार्चअखेर पोचतं करतो.

एक गोष्ट मात्र माझीही कर. तुझं ते जनुक काय आहे ते सविस्तर लिही. मी सातवीनंतर शाळा सोडली ती मेंढरांमागे. पण कळप विकून शेती धरली तेव्हा बारामतीच्या रद्दीवाल्याकडून वनस्पतिशास्त्राची कॉलेजची पुस्तकं किलोवर आणली आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. तेव्हा मला सोपं करून सांगू नकोस. बरोबर करून सांग.

आबाजी


हैदराबाद
४ डिसेंबर १९९७

ती. मामांस,
सा. न.

बरोबर करून सांगते. चुकलं तर कान धरा.

पानाच्या प्रत्येक पेशीत हिरवे कण असतात, हरितलवक. तुमच्या पुस्तकात चित्र असेलच. पेशीचा मुख्य संदेश तिच्या केंद्रकात असतो, पण या हिरव्या कणांजवळ स्वतःचाही एक छोटा संदेश असतो, अगदी वेगळा. तो वापरायचा तर आधी त्याची नक्कल उतरवतात. त्या नकलेला आरएनए म्हणतात.

आता गंमत अशी की, काही नकलांच्या मधोमध एक लांब पट्टी असते, जिचा त्या कामाशी संबंध नसतो. ती कापून काढायची आणि दोन्ही टोकं बिनचूक जोडायची. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी नक्कल वाया.

माझ्या जनुकाचं नाव मॅट-के. त्यापासून जे प्रथिन बनतं ते हे कापण्या-जोडण्याचं काम करवतं, अशी सगळ्यांची दाट शंका आहे. आणि हे जनुक बसलंय कुठे? दुसऱ्या एका जनुकाच्या मधल्या पट्टीत. म्हणजे जी कापून टाकायची, त्याच पट्टीच्या पोटात.

पांढऱ्या पानातल्या कणांमध्ये प्रथिनं बनवणारे कारखानेच नसतात. मग हे प्रथिनही बनणार नाही. तिथे त्या नकला न कापलेल्या राहिलेल्या दिसल्या, तर शंका आणखी पक्की होईल. जवाच्या पट्टेरी रोपांत परदेशात असं दिसलं आहे. मला मक्यात पाहायचं आहे.

तुमची
रोहिणी


॥ श्री बिरोबा ॥

लोणी देवकर
१४ जानेवारी १९९८

चि. रोहिणीस आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे, चुरा झाला असेल तर टपाल खात्याला बोल लाव.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तुझी मामी म्हणते, "पोरीचं पत्र हाय का पोथी हाय?"

मी लहानपणापासून मेंढरं कातरलेली आहेत. मेंढीचे चारी पाय बांधून मांडीवर घ्यायची, डाव्या हाताने कातडं ताणायचं आणि कातर पोटाकडून पाठीकडे न्यायची. कातडीला टोक लागलं तर बाप पाठीत धपाटा घालायचा. तेव्हा कापण्याचं काम म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण तू सांगतेस ते असं की, मेंढीच्या अंगावर लोकर वाढते, त्या लोकरीतच कातर उगवते, ती कातर तीच लोकर कातरून बाजूला करते, आणि कातडीवर कुठे सांधा दिसत नाही. हे एका पानात, एका पेशीत, डोळ्यांनी न दिसणाऱ्या कणात. आणि मी त्याच पानांचा भारा रोज बैलांपुढे टाकतो.

परवा हौदावर उभा राहून एक पान उन्हात धरलं. मी मनात म्हटलं, आत या घटकेला किती कातरी चालू असतील! आवाज नाही, धूळ नाही. ते पान मग बैलांपुढे टाकवेना. मी चटकन भारावणारा माणूस नाही, हे तुझ्या आईला विचार.

एक शंका. लोकर कातरल्याशिवाय कातर हाताला लागत नसेल, तर पहिल्यांदा कातरलं कोणी?

मका तुऱ्यावर आला आहे. पिशव्या बटर पेपरच्या केल्या, सुतळीने बांधल्या, प्रत्येकीवर तारीख. जोडी मेंढपाळाच्या रीतीने जुळवली आहे. तू काळजी करू नकोस.

आबाजी


लोणी देवकर
२६ मार्च १९९८

चि. रोहिणीस आशीर्वाद.

बी आज इंदापूरच्या पोस्टातून रजिस्टर केलं. दाणा पाहून घे. टपोरा, भरलेला, एकही किडका नाही. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "काय आहे यात?" मी सांगितलं, "संशोधन."

माझ्या शंकेचं उत्तर आलेलं नाही.

आबाजी


हैदराबाद
२४ एप्रिल १९९८

ती. मामांस,
सा. न.

उत्तर उशिरा देते आहे, रागावू नका. कातरीच्या शंकेबद्दल आधी. न कातरलेल्या नकलेवरूनही ती कातर घडवता येते, असं मानतात. म्हणजे लोकरीत असतानाच ती हातात येते. पण कातर आधी की लोकर आधी, हे कुणालाच ठाऊक नाही. आमच्या सरांना विचारलं तर तेही नुसते हसले.

आता बियाण्याचं. मामा, बी फार सुंदर होतं. सगळं उगवलं. पण सगळं हिरवं उगवलं. पांढरं एकही नाही, पट्टेरीसुद्धा नाही. मला वाटलं माझंच काही चुकलं, म्हणून पुन्हा पेरलं. पुन्हा हिरवंगार.

सरांनी दुसरा विषय सुचवून ठेवला आहे. जूनअखेर ठरवायचं आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

रोहिणी


॥ श्री बिरोबा ॥

लोणी देवकर
२ मे १९९८

रोहिणीस आशीर्वाद.

माझ्या बियाण्यात खोट नाही. हे आधी लिहून मग पुढचं लिहितो.

तुमच्या हैदराबादची माती, पाणी किंवा त्या काचेच्या खोल्या यांचं काय ते तपासा. मी काय केलं ते एकदा नीट वाच, तुझ्या सरांनाही वाचून दाखव.

पट्टेरी ताटं नाजूक असतात. त्यांची कणसं बारकी, दाणे विरळ. असलं बी मी पाठवणार नव्हतो. कळपात रंग हवा असला की आमची रीत ठरलेली आहे. मेंढी धडधाकट बघायची आणि मेंढा हव्या त्या रंगाचा सोडायचा. बापाने मला हेच शिकवलं. आमचा काळ्या तोंडाचा मेंढा न्यायला पार भिगवणहून माणसं यायची. तसंच इथे केलं. हिरवीगार जोमदार ताटं निवडली, त्यांचे स्वतःचे तुरे आधीच खुडले, कणसांवर पिशव्या चढवल्या, आणि सगळ्यांत देखण्या पट्टेरी ताटाचा तुरा झाडून त्याचा पराग त्यांच्या केसांवर टाकला. वाऱ्यालाही शिरायला जागा ठेवली नाही. कृषी खात्याचा माणूस इतकं नीट करणार नाही.

तेव्हा चूक शोधायची तर तुमच्याकडे शोधा.

आबाजी


हैदराबाद
११ मे १९९८

ती. मामांस,
सा. न.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग मला रडू आलं. मामा, तुमच्या कामात खरंच खोट नाही. चूक माझी. आई कोणती आणि बाप कोणता, हे मी विचारायलाच हवं होतं.

मक्याच्या परागातून हिरवे कण पुढे जातच नाहीत. बाप केंद्रकातला आपला अर्धा वाटा देतो, उंची, दाण्याचा रंग, काय हवं ते. पण हिरवे कण येतात फक्त आईच्या बीजातून. आणि त्यांच्यातले ते प्रथिनांचे कारखानेही तयारच यावे लागतात, कारण त्या कारखान्याचे काही भाग घडवायला तोच कारखाना लागतो. एकदा बुडाला की नव्याने उभा राहत नाही. पट्टेरी आईने काही लेकरांना भरलेले कण दिले तर ती हिरवी, काहींना रिकामे दिले तर ती पांढरी, दोन्ही दिले तर पट्टेरी. तुम्ही हिरव्या आया निवडल्यात. त्यांनी सगळ्यांना भरभरून दिलं.

मला त्या बारक्या, विरळ दाण्यांच्या कणसांचं बी हवं होतं. ती आता नसतीलच, ना?

तुमची
रोहिणी


॥ श्री बिरोबा ॥

लोणी देवकर
४ जून १९९८

चि. रोहिणीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं तोंड नव्हतं. तू समजावलंस तो धडा माझ्या पुस्तकात आहे. मी तो वाचलेला आहे. त्याखाली मी पेन्सिलने रेघसुद्धा मारलेली आहे. पण हातात तुरा आल्यावर मला पुस्तक आठवलं नाही, बापाचा मेंढा आठवला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तुझ्या मामीला विचारलं, "हौदाजवळच्या पट्टेरी ताटांची कणसं कुठं गेली?"

"कोंबड्यांच्या पोटात."

मी ओसरीवर बसूनच राहिलो. ती आतून म्हणाली, "असं पाय मोडल्यावानी का बसलासा? समदी न्हाय घातली. थोडी चुलीवर टांगल्याती. धुरानं किडत न्हाईत."

वर बघितलं तर काजळी धरलेली तीन कणसं. दाणे दात पडलेल्या म्हातारीच्या हिरडीसारखे. मी विचारलं, "ही का ठेवलीस?"

"दिसायला देखणी ताटं हुती. फुडच्या साली तुमी इसरला असता टोकायला."

मग मी तिला सगळं सांगितलं. तुरा, केस, आई, कण, बुडालेला कारखाना. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे तुमी निस्त्या तुऱ्याला भुलला." थोड्या वेळाने तवा उतरवून ती परत म्हणाली, "हे तर विरजणावानी झालं की वो. दूध कितीबी चांगलं असू द्या, आदूगरचं वाटीभर दही नसलं तर लागंल का? आन् एकदा घरातलं संपलं तर दुसऱ्याच्या घरनं आनावं लागतं. तितं दुसरं घरच न्हाय, एवढाच फरक."

रोहिणी, मी शब्दकोश मांडीवर घेऊन वर्षानुवर्षं वाचतो आहे. मला हे असं दिसलं नव्हतं.

पाठवण्याआधी थोडे दाणे ओल्या पोत्यावर टाकले. पुन्हा फसवणूक व्हायला नको. कोंब फुटल्यावर पोतं उघडून ओसरीत उजेडाला ठेवलं आणि आठ-दहा दिवस वाट पाहिली. हिरवे कोंब होते, आणि त्यांच्यात पांढरे होते. या रोपांना मी इतकी वर्षं उपटून टाकत आलो, पण त्यांच्याकडे बघितलं कधीच नव्हतं. पान पुरतं उलगडलेलं, शिरा सरळ, काठ धारदार, सगळं रीतसर. फक्त त्यात हिरवं नाही. बापाने दिलेलं सगळं आहे, आईने दिलेलं आहे, एक घोटभर विरजण तेवढं नाही. आणि तरी ते उन्हाकडे वळलेलं होतं. खाता येत नाही तरी ताटाकडे बघतंय. दाण्यातली शिदोरी संपेपर्यंतच ते उभं राहणार. मी त्याला पाणी घालत होतो आणि माझ्याच्याने दुसऱ्या कामाला उठवत नव्हतं.

पोत्यावरची मी ठेवून घेतली. बाकी सगळं बी सोबत आहे. प्रत्येक पुडीवर आईचं वर्णन आधी लिहिलं आहे, बाप "वाऱ्यावरचा" असं खाली. दाणा बारका आहे. पोस्टातल्या बाईंनी या वेळी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

पोचल्याचं लगेच कळव. जून महिना माझ्या लक्षात आहे.

आबाजी


हैदराबाद
२१ जुलै १९९८

ती. मामा आणि मामीस,
साष्टांग नमस्कार.

पांढरी उगवली, मामा! सर ट्रे बघायला आले आणि वाकून इतके जवळ गेले की चष्मा पानाला लागला. मी त्यांना चुलीवरच्या कणसांचं सांगितलं. ते म्हणाले, आमच्या शीतगृहात एवढं नीट राहिलं नसतं. विषय बदलायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

रोपं मरायच्या आत पानं घेतली. सोबत फिल्मची एक प्रत पाठवते आहे. एक्स-रेसारखी आहे, उजेडापुढे धरून बघा. डावा रकाना हिरव्या पानाचा, उजवा पांढऱ्याचा. दोन्ही एकाच कणसाची लेकरं. विजेच्या ओढीने नकला जेलीच्या थरातून धावतात; नक्कल जितकी आखूड तितकी ती खाली जाते. डावीकडे काळी रेघ खाली आहे. पट्टी कापली गेली, टोकं जोडली गेली. उजवीकडे खाली काहीच नाही. रेघ वरच अडकली आहे. ती न कातरलेली लोकर.

मॅट-केचीच ही कातर आहे असं एवढ्यावरून छातीठोक म्हणता येत नाही. अजून खूप काम आहे. पण अंधाऱ्या खोलीत फिल्म पाण्यातून वर काढली आणि ती वरची रेघ उमटलेली दिसली, तेव्हा मला तुमचं पत्र आठवलं. आवाज नाही, धूळ नाही.

तुमचीच
रोहिणी


॥ श्री बिरोबा ॥

लोणी देवकर
२ ऑगस्ट १९९८

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.

फिल्म पोचली. दुमडलेली नाही, चरा नाही. टपाल खात्याचं या वेळी कौतुक.

दारात उन्हाला धरून बघितली. आधी डावी रेघ, मग उजवी. गेणू आला होता, त्याने विचारलं, "कुणाचं हाड मोडलंय?" मी म्हटलं, "मोडलं नाही, जोडलंय. ही बघ, ही डावीकडची." त्याने बराच वेळ बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली. त्याला काय कळलं मला ठाऊक नाही. पण टोपी काढली.

तुझी मामी बघून म्हणाली, "ही वरची, बिनविरजणाची?" मी म्हटलं, होय.

मग तिला विचारलं, आपल्या घरातलं विरजण कुठलं? ती म्हणाली, लग्नानंतर पहिली म्हैस व्याली तेव्हा माळेगावच्या फुलाबाईने लोटक्यातून आणून दिलं, ते आजतागायत मोडलेलं नाही. फुलाबाई म्हणजे तुझी आई. मग मी मुद्दाम माळेगावला गेलो आणि तिला विचारलं. ती म्हणाली, तिच्या आईकडचं, प्रयागबाईकडचं. प्रयागबाईला कुणी दिलं? "तिच्या आईनं दिलं आसंल." तिचं नाव काय? तुझ्या आईला आठवेना. प्रयागबाई माझी चुलती, मला तरी कुठे ठाऊक होतं?

बापाने मला सात पिढ्यांची नावं पाठ करून घेतली होती. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. सगळी बापांची. आईच्या बाजूने तिसऱ्या पायरीलाच माझी बोबडी वळली. आणि त्या मक्याचा एक हिरवा कण, पहिल्या मक्याच्या आधीपासून, आईकडून लेकीकडे, हातातून हातात, एकदाही न सांडता इथवर आला. माझ्या हौदापर्यंत.

घरी येऊन हे मामीला सांगितलं. नाव सापडत नाही याचं मला फार लागलं होतं. ती दुधाला हात लावून बघत होती, कोमट झालंय का ते. म्हणाली, "नाव कशाला पायजे? लागलं म्हंजे झालं."

आणि तिने चमचाभर दही दुधात सोडलं, वर ताटली ठेवली, आणि मला म्हणाली, आता हलवू नका.

आबाजी